पुलाला चिकटवलेली तार: काँक्रीट आणि पोलादातला स्ट्रेन कसा मोजतात

पोलादी गर्डरच्या पुलावरून भरलेला ट्रक जातो तेव्हा गर्डरची तळाची पट्टी ताणली जाते. किती? गर्डरच्या मध्यावरचा एक मीटरचा तुकडा घेतला तर त्याची लांबी साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरने वाढते. डोळ्यांना हे दिसत नाही, टेपने मोजता येत नाही आणि ट्रक पुढे गेला की पट्टी पुन्हा पहिल्यासारखी होते. तरीही पूल किती भार झेलतो आहे हे जाणून घ्यायचं, तर एवढ्याशा वाढीलाच हात घालावा लागतो. कारण पोलादाच्या किंवा काँक्रीटच्या आत किती स्ट्रेस, म्हणजे क्षेत्रफळाच्या एका एककावर किती बल आहे, हे थेट मोजणं जवळपास अशक्य असतं. जे मोजता येतं ते म्हणजे आकारातला बदल. तो मोजायचा आणि त्यावरून स्ट्रेस किती असेल ते ठरवायचं. मोजणी आणि ठरवणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. चुका बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर होतात, म्हणून या लेखात उपकरणांइतकीच जागा त्या पायरीला दिली आहे.

स्ट्रेन म्हणजे लांबीतला फरक भागिले मूळ लांबी. लांबीला लांबीनेच भागल्यामुळे एकक उरत नाही. आकडा फार लहान येतो, म्हणून तो दहा लाखांच्या हिशेबात सांगतात. एक मीटरची सळई एक मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने वाढली, तर स्ट्रेन १ मायक्रोस्ट्रेन. वरच्या ट्रकने १०० ते २०० मायक्रोस्ट्रेन दिला.

हा आकडा मोठा की लहान? पोलादाचा लवचिकता गुणांक सुमारे २,००,००० मेगापास्कल (हे स्ट्रेसचं एकक) असतो. स्ट्रेनला त्याने गुणलं की स्ट्रेस मिळतो. २०० मायक्रोस्ट्रेन म्हणजे ४० मेगापास्कल. घराच्या स्लॅबमध्ये वापरतो ती एफई ५०० सळई ५०० मेगापास्कलच्या आसपास कायमची ताणली जाऊ लागते, म्हणजे तिची लवचिक मर्यादा साधारण २,५०० मायक्रोस्ट्रेन. आता काँक्रीट पाहा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातल्या सूत्रांनुसार एम२५ या प्रतीच्या काँक्रीटचा गुणांक २५,००० मेगापास्कल आणि वाकवताना तडा जाण्याचा स्ट्रेस ३.५ मेगापास्कल येतो. भागाकार करा: १४० मायक्रोस्ट्रेन. एवढ्यावर काँक्रीट ताणात फाटतं.

या दोन आकड्यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. बीममधली सळई तिच्या नेहमीच्या कामात सहज हजारभर मायक्रोस्ट्रेनपर्यंत जाते, आणि तिच्याभोवतीचं काँक्रीट १४० वरच फाटतं. म्हणजे आरसीसी बीमच्या तळाला केसासारख्या बारीक तडा असणं हे बिघाडाचं लक्षण नाही. आरसीसी काम करतं ते असंच. चिंता तडा रुंद झाली की सुरू होते. म्हणूनच आयएस ४५६ मध्ये साधारण परिस्थितीसाठी तडेच्या रुंदीची मर्यादा ०.३ मिलिमीटर घातली आहे.

मोजायचं कसं, याची गोष्ट १८५६ पासून सुरू होते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांना दिसलं की तार ओढली की तिचा विद्युतरोध वाढतो. तार लांब आणि बारीक होते, त्यामुळे विजेची वाट अवघड होते. या निरीक्षणाचं उपकरण व्हायला ८० हून अधिक वर्षं लागली. १९३८ मध्ये अमेरिकेत कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीमध्ये आर्थर रूग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तीच युक्ती केली. अत्यंत बारीक तार वस्तूला अशी चिकटवायची की वस्तू ताणली की तारही तेवढीच ताणली जाईल. हाच स्ट्रेन गेज. रूग त्या वेळी भूकंपात पाण्याच्या उंच टाक्यांचं काय होतं याचा अभ्यास करत होते. आजच्या फॉइल गेजमध्ये तारेऐवजी प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर धातूची नागमोडी जाळी असते. तत्त्व तेच आहे.

अडचण आकड्यांच्या लहानपणाची आहे. गेजचा रोध बहुधा १२० किंवा ३५० ओहम असतो आणि स्ट्रेनच्या साधारण दुप्पट प्रमाणात तो बदलतो. १२० ओहमच्या गेजवर १०० मायक्रोस्ट्रेन आला तर रोध बदलतो ०.०२४ ओहमने. एवढा फरक पकडण्यासाठी व्हीटस्टन ब्रिज लागतो. चार रोधांच्या या जोडणीत दोन बाजू तंतोतंत समतोल ठेवलेल्या असतात, त्यामुळे एका बाजूचा किंचितसा बदलही व्होल्टेज म्हणून दिसतो.

इथे केबल घात करते. गेजपासून यंत्रापर्यंतच्या तांब्याच्या दोन तारांचा मिळून रोध ५ ओहम आहे असं धरा. सकाळपासून दुपारपर्यंत तापमान १० अंशांनी वाढलं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे जवळपास ०.२ ओहम वाढला. यंत्राला हा रोध गेजमधून आला की केबलमधून, हे कळत नाही. ते सरळ ८०० मायक्रोस्ट्रेन दाखवतं. ट्रकचा खरा परिणाम २०० चा आणि उन्हाचा खोटा परिणाम ८०० चा! यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे: दोनऐवजी तीन तारांची जोडणी. त्यात केबलचा रोध ब्रिजच्या दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो आणि त्याचा परिणाम कटतो. लांब केबलवर दोन तारांनी जोडलेला गेज दिसला, तर त्याच्या रीडिंगवर मी विश्वास ठेवणार नाही.

गेज चिकटवणं हे हातकाम आहे आणि त्यात घाई चालत नाही. रंग आणि गंज घासून काढायचा, तेलकटपणा पुसायचा, खुणा करायच्या, गेज चिकटवून दाब द्यायचा, तारा सोल्डर करायच्या, वर ओलावा शिरणार नाही असं आवरण द्यायचं. काँक्रीटवर आधी पृष्ठभागाची छिद्रं इपॉक्सीने भरून घ्यावी लागतात. शिवाय काँक्रीट एकजीव नसतं. पाच मिलिमीटरचा गेज नेमका खडीच्या एका तुकड्यावर बसला तर तो त्या दगडाचाच स्ट्रेन सांगेल. म्हणून काँक्रीटवरचा गेज सर्वांत मोठ्या खडीच्या निदान तीन ते पाच पट लांब घेतात. २० मिलिमीटर खडी असेल तर ६० ते १०० मिलिमीटर.

काही तासांच्या लोड टेस्टसाठी फॉइल गेज उत्तम. धरणात किंवा पुलाच्या पिअरमध्ये, म्हणजे खांबात, वीस वर्षं रीडिंग घ्यायचं असेल तर मात्र गोंद म्हातारा होतो, ओलावा शिरतो आणि शून्य हळूहळू सरकतं. तिथे व्हायब्रेटिंग वायर गेज लागतो. माझ्या मते बांधकाम मोजण्याच्या साधनांमध्ये सर्वांत देखणी कल्पना हीच आहे.

तंबोऱ्याची खुंटी पिळली की तार चढते आणि स्वर उंच होतो. व्हायब्रेटिंग वायर गेजमध्ये हेच घडतं. साधारण १५० मिलिमीटर लांबीच्या नळीत पोलादी तार ताणून बसवलेली असते आणि दोन्ही टोकांना चकत्या असतात. हा गेज सळयांच्या जाळ्यात बांधून काँक्रीटमध्ये पुरतात. काँक्रीट दाबलं गेलं की चकत्या जवळ येतात, तार सैल होते आणि कंपनसंख्या उतरते. काँक्रीट ताणलं गेलं तर ती चढते. तार छेडण्याचं काम एक छोटा विद्युतचुंबक करतो आणि तिची कंपनं ऐकण्याचं कामही सहसा तोच करतो. स्ट्रेन कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे गणित सोपं आहे. मोठा फायदा असा की केबलमधून येते ती कंपनसंख्या. केबल लांब असली, जोड थोडे खराब असले, तर संदेश क्षीण होतो, पण सेकंदाला ८०० कंपनं असतील तर ती ८०० च राहतात. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये धरणांचे अभियंते आंद्रे कॉयन यांनी ही पद्धत धरणांमध्ये वापरात आणली. केबल-स्टेड पुलाच्या केबलमधला ताणही याच तत्त्वावर काढतात: केबल किती वेगाने कंप पावते ते मोजायचं आणि लांबी व वजनावरून ताण काढायचा.

आता दुसरी पायरी, स्ट्रेनवरून स्ट्रेस ठरवण्याची. आणि तिथला पहिला खळगा तापमानाचा.

एखादी वस्तू मोकळी ठेवून तापवली तर ती वाढते, पण तिच्यात स्ट्रेस येत नाही. तीच वस्तू दोन्ही टोकांना घट्ट अडवून तापवली तर ती वाढत नाही, पण तिच्यात स्ट्रेस येतो. लांब वेल्ड केलेल्या रेल्वे रुळाचं उदाहरण घ्या. मधल्या भागात रूळ सरकू शकत नाही. तापमान ३० अंशांनी वाढलं की पोलादाला दर अंशाला सुमारे १२ मायक्रोस्ट्रेनप्रमाणे ३६० नी वाढायचं असतं, पण वाढता येत नाही. लांबी जशीच्या तशी राहते आणि आत ७२ मेगापास्कल दाब साठतो. उन्हाळ्यात रूळ बाजूला वळतात ते या दाबामुळे. तेव्हा ‘लांबी बदलली नाही, म्हणजे स्ट्रेस नाही’ असं म्हणता येत नाही आणि ‘लांबी बदलली, म्हणजे स्ट्रेस आला’ असंही नाही.

काँक्रीटमधल्या व्हायब्रेटिंग वायर गेजला हा प्रश्न आणखी एका बाजूने भिडतो. गेजमधली तार पोलादाची, म्हणजे अंशाला साधारण १२ मायक्रोस्ट्रेनने वाढणारी. भोवतीचं काँक्रीट किती वाढेल ते मुख्यतः खडीवर अवलंबून. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी खडी म्हणजे काळा पत्थर, दख्खनचा बेसाल्ट. आयएस ४५६ मध्ये बेसाल्टच्या खडीच्या काँक्रीटसाठी ८ ते ९.५ ची मर्यादा दिली आहे आणि क्वार्ट्झाइटसाठी १२ ते १३ ची. आपण ९ धरू. मोकळा काँक्रीटचा ठोकळा २५ अंशांनी तापला तर तो २२५ ने वाढेल. आतल्या तारेला वाढायचं आहे ३०० ने. तार सैल पडेल आणि यंत्र दाखवेल ७५ मायक्रोस्ट्रेन दाब, जो अस्तित्वातच नाही! म्हणून प्रत्येक गेजमध्ये तापमापक बसवलेला असतो आणि दोन गुणांकांतला फरक गुणिले तापमानातला फरक अशी दुरुस्ती करावी लागते. अहवालात काँक्रीटचा गुणांक परदेशी माहितीपत्रकातून जसाच्या तसा उचललेला असेल आणि खडी आपल्या डोंगरातली असेल, तर ही दुरुस्तीच चुकते.

दुसरा खळगा काँक्रीटच्या स्वभावाचा आहे. पोलाद भार आल्यावर जेवढं बदलायचं तेवढं त्याच क्षणी बदलतं. काँक्रीट वर्षानुवर्षं बदलत राहतं. सुकताना ते आकसतं. आयएस ४५६ मध्ये डिझाइनसाठी धरलेलं हे आकसणं ३०० मायक्रोस्ट्रेन आहे. आणि भार कायम असेल तर ते हळूहळू दबत जातं, यालाच क्रीप म्हणतात. एम४० च्या खांबावर १० मेगापास्कल दाब आला, तर गुणांक ३१,६०० धरून सुरुवातीला सुमारे ३१६ मायक्रोस्ट्रेन येईल. भार २८ व्या दिवशी आला असेल तर आयएस ४५६ मधला क्रीप गुणांक १.६. म्हणजे काही वर्षांत आणखी ५०० च्या आसपास भर पडून एकूण ८२० होईल. आता कोणी ८२० ला ३१,६०० ने गुणलं तर उत्तर येतं २६ मेगापास्कल आणि घबराट होते. वर एक वीटही वाढलेली नाही. सळया असलेल्या खांबात तर काँक्रीट असं दबत जाताना आपला थोडा भार सळयांकडे ढकलतं, म्हणजे स्ट्रेन वाढत असताना काँक्रीटमधला स्ट्रेस उलट कमी होत असतो.

धरणं बांधणाऱ्यांनी यावर एक सुरेख उपाय शोधला. मुख्य गेजच्या शेजारी, त्याच काँक्रीटमध्ये, दुहेरी भिंतीच्या डब्यात दुसरा गेज पुरायचा. डब्यातलं काँक्रीट बाहेरच्यासारखंच तापतं, थंड होतं, ओलसुक होतं, पण भिंतींमधल्या मोकळ्या फटीमुळे धरणाचा भार त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेरच्या रीडिंगमधून डब्यातलं रीडिंग वजा केलं की आकसणं आणि तापमान दोन्ही निघून जातात. उरतो तो भाराचा परिणाम. क्रीप त्यातही उरतोच. त्यासाठी त्याच काँक्रीटचे नमुने प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने दाबाखाली ठेवून तपासावे लागतात.

गेज कुठे बसवला, हा प्रश्न गणिताच्याही आधीचा. उत्खननाच्या खड्ड्यात दोन भिंती सावरणाऱ्या पोलादी स्ट्रटवर एकच गेज लावला तर तो दाब सांगतो की वाकणं, हे कळत नाही. समोरासमोर दोन लावले तर सरासरीवरून दाब आणि फरकावरून वाकणं मिळतं. मोठ्या बांधकामात तर जागा निवडण्यातच निम्मं शहाणपण खर्ची पडतं. डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला आडव्या तडा गेल्या, त्या पायाशी नव्हे, तर वरच्या भागात. जिथे धरणाची मागची बाजू एकदम उभी होते आणि जाडी झपाट्याने कमी होते, त्या पातळीला पुढच्या आणि मागच्या दोन्ही अंगांना तडा गेल्या. जिथे आकार अचानक बदलतो तिथे स्ट्रेस गोळा होतो. नंतर धरणाला मागून काँक्रीटचा आधार देऊन ते मजबूत केलं गेलं.

आणि आता शून्याचा प्रश्न, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. गेजला फक्त तो बसवल्यानंतरचा बदल कळतो. चाळीस वर्षांच्या पुलाला आज गेज चिकटवला की यंत्र शून्य दाखवतं, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा स्ट्रेन चाळीस वर्षांपासून आत बसलेला असतो. लोड टेस्टमध्ये ट्रकांचा परिणाम दिसतो; त्याखालचा कायमचा भार दिसत नाही.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा आय-३५डब्ल्यू पूल १९६७ मध्ये वाहतुकीला खुला झाला होता. पोलादी ट्रसचा, म्हणजे काड्या जोडून केलेल्या सांगाड्याचा, हा पूल फटीगने, म्हणजे वाहतुकीच्या वारंवारच्या चढउताराने थकून, तडकेल का, हे पाहण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठाने त्याच्या काही भागांवर स्ट्रेन गेज लावले आणि भरलेले ट्रक चालवून मोजमापं घेतली. २००१ च्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष होता की वाहतुकीमुळे होणारा स्ट्रेसमधला चढउतार कमी आहे आणि मुख्य ट्रसला फटीगच्या तडा जाण्याची शक्यता नाही. १ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी, घरी परतणाऱ्यांच्या गर्दीच्या वेळी, पूल कोसळला. १३ माणसं मेली, १४५ जखमी झाली.

विद्यापीठाची मोजणी चुकली नव्हती. चौकशीत फटीग हे कारण निघालंच नाही. ट्रसच्या काड्या जिथे एकत्र येतात तिथे त्यांना जोडणाऱ्या काही गसेट प्लेट मूळ डिझाइनमध्येच हव्या त्यापेक्षा निम्म्या जाडीच्या होत्या. त्यात वर्षानुवर्षं रस्त्यावर नवा थर आणि कठडे चढत गेले, आणि त्या दिवशी दुरुस्तीच्या कामाची खडी-वाळू आणि यंत्रं पुलावर उभी होती. प्लेटवरचा बहुतांश भार कायमचा होता. नंतर लावलेल्या गेजला तो दिसला नसता, आणि गेज त्या प्लेटवर नव्हतेच, कारण अभ्यासाचा प्रश्न वेगळा होता. उलट २००३ च्या फोटोंमध्ये त्या प्लेट किंचित फुगून वाकलेल्या डोळ्यांनी दिसत होत्या.

आधीपासून आत असलेला स्ट्रेस काढायच्या पद्धती आहेत, पण त्यात बांधकामाला थोडी इजा करावी लागते. पोलादात गेजच्या मधोमध बारीक भोक पाडतात. आसपासचा धातू किंचित मोकळा होतो आणि त्या हालचालीवरून आधीचा स्ट्रेस कळतो. दगडी बांधकामात चीर पाडून त्यात सपाट जॅक बसवतात आणि चीर पूर्ववत होईपर्यंत दाब वाढवतात. लागलेला दाब म्हणजे आतला स्ट्रेस. एखाद्या जुन्या पुलाच्या ताकदीबद्दल खरंच शंका असेल, तर ट्रक उभे करून घेतलेल्या रीडिंगवर थांबू नये. ही भोकं पाडण्याची तयारी ठेवावी आणि मूळ नकाशे काढून जोडांचं गणित नव्याने करावं.

आपल्या सोसायट्यांच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये स्ट्रेन गेज सहसा दिसत नाहीत. तिथला मुख्य शत्रू सळईचा गंज असतो, आणि त्यासाठी रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा पाहणारा), अल्ट्रासोनिक चाचणी, हाफ-सेल (गंजाची शक्यता पाहणारी विद्युत चाचणी), कोअर (कापून काढलेला काँक्रीटचा नमुना) हीच साधनं योग्य. तडा वाढते आहे का एवढंच पाहायचं असेल, तर तडेच्या दोन बाजूंना धातूच्या छोट्या टिकल्या चिकटवून दर महिन्याला अंतर मोजणारा डेमेक गेज पुरतो. त्याला वीज लागत नाही, संगणक लागत नाही. मोजताना तापमान मात्र लिहून ठेवावं लागतं.

मिनियापोलिसचा नवा पूल सप्टेंबर २००८ मध्ये खुला झाला. तो काँक्रीटचा आहे आणि त्यात ३०० हून अधिक सेन्सर आहेत. त्यांतले व्हायब्रेटिंग वायर गेज काँक्रीट ओततानाच पुरले होते, त्यामुळे पुलाचं स्वतःचं वजनही त्यांच्या हिशेबात आलं. आपल्याकडेही मोठ्या कामांच्या निविदांमध्ये आता अशा उपकरणांची तरतूद असते. ती वाचणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट आग्रहाने लिहून घ्यावी: काम सोपवताना ठेकेदाराने प्रत्येक गेजची नेमकी जागा, त्याचं पहिलं रीडिंग, त्या क्षणाचं तापमान आणि वापरलेल्या खडीचा प्रसरण गुणांक हे सगळं देखभालीच्या विभागाकडे सुपूर्द करावं. केबल तुटली तर जोडता येते. हरवलेलं पहिलं रीडिंग पुन्हा घेता येत नाही.